चौकशी पुरी होईपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका खेड्यातील उपदेशक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारला आणि तो ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. त्यांच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका गुरुजींवर मुलांच्या सहलीसाठी जमविलेली वर्गणी खाल्ल्याचा आळ आला होता. गुरुजी निलंबित झाले होते. पण त्यांचे बिऱ्हाड त्याच गावात असल्यामुळे रोज सकाळी ते रस्त्यात भेटत. "पाळकसाहेब," आमचे बंधू म्हणाले, "चौकशी पुरी होईपर्यंत त्यांस नमस्कार करावा की करू नये? केला तर लोक म्हणतात, हा चोराच्या बाजूचा. न करावा तर आमचेच मन आम्हांस खाते."

प्रश्न लहान, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्या मनुष्यावर आरोप झाला आहे पण ज्याचा अपराध ठरलेला नाही, त्यास आपण काय समजावे? गावच्या पारावर मनुष्य एक तर भला असतो, नाही तर चोर असतो. मधली जागा तेथे कोणी राखलेली नाही. आणि ज्यास चौकशी म्हणतात ती तर सारी ह्या मधल्या जागेतच चालावयाची असते.

दुसऱ्यांस सांगण्यापूर्वी आमच्या स्वतःच्या हातून काय घडले ते सांगणे बरे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही ज्या गावी सेवेस होतो, तेथील शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचा मेळ बसेना. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ असा सरकारी हिशेब असतो. मुलांची हजेरी पाहून आकडेमोड केली तेव्हा कोठीत जितका तांदूळ उरावयास हवा होता, त्याहून दोन-तीन पोती तो कमी भरला. तांदळाचे काम ज्या गुरुजींकडे होते ते स्वभावाने अबोल, गावात फारसे मिसळणारे नव्हते. दोन दिवसांत साऱ्या गावाने ठरविले की तांदूळ त्यांनी बाजारात विकला. अर्ज लिहिला गेला, तो आमच्या दारी आला, आणि "आपण शिकलेले, आपली सही हवी" असे मंडळींनी म्हणताच आम्ही तिसरी सही केली. गुरुजींचे घर आमच्या घरापासून शंभर पावलांवर होते. तेथवर जाऊन त्यांस एक शब्द विचारावा असे आमच्या मनात आले नाही.

चौकशीस शिक्षण विस्तार अधिकारी आले. त्यांनी प्रथम विचारले, तांदूळ विकताना कोणी डोळ्यांनी पाहिले आहे काय? कोणीच पाहिले नव्हते. प्रत्येकाने दुसऱ्याकडून ऐकले होते. मग त्यांनी एक साधे काम केले, जे आम्हां सह्या करणाऱ्यांपैकी कोणास सुचले नव्हते. कोठीत न उघडलेली पोती होती, ती त्यांनी तराजूवर चढविली. ५० किलोचा छाप असलेल्या पोत्यात ४७ किलोही भरेनात. तांदूळ शाळेत येण्यापूर्वीच कमी होत होता. गुरुजींचा दोष इतकाच की पोती न तोलता त्यांनी पुऱ्या वजनाची पोच लिहून दिली. त्याबद्दल त्यांस ठपका मिळाला आणि चोरीचा आरोप गळाला. पण हे सर्व कागदावर येण्यास अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत त्यांच्या मुलांनी विहिरीवर आणि शाळेच्या ओट्यावर काय काय ऐकले असेल ते देव जाणे. आम्ही क्षमा मागावयास गेलो तेव्हा त्यांनी आम्हांस चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, आपण सही केली ह्याचे वाईट वाटले नाही. सहीच्या आधी एकदा विचारावयास यायचे होते."

हे जे आधी विचारणे, ते केवळ शिष्टाचार नव्हे. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाने १७१८ साली रिचर्ड बेंटली नावाच्या एका मोठ्या पंडिताच्या पदव्या, त्याचे म्हणणे न ऐकता, काढून घेतल्या. (हा मनुष्य गोड स्वभावाचा मुळीच नव्हता, भांडणे करण्यात त्याचे आयुष्य गेले. अशांच्याच बाबतीत आपण विचारावयास विसरतो.) प्रकरण राजाच्या न्यायालयात गेले आणि १७२३ साली पंडिताच्या बाजूने निकाल झाला. त्या वेळी एका न्यायाधीशाने एदेन बागेचा दाखला दिला. आदामाने काय केले हे देवास पूर्ण ठाऊक होते. तरीसुद्धा शिक्षा सांगण्यापूर्वी त्याने आदामास हाक मारली आणि त्यास उत्तर देण्याची संधी दिली. हा दाखला कायद्याच्या ग्रंथांत आजही सांगितला जातो. ज्यास सर्व ठाऊक होते त्याने विचारले. आणि आम्ही, ज्यांस तांदळाच्या पोत्याचे वजनही ठाऊक नव्हते, न विचारता सही करून मोकळे झालो.

आता चौकशी म्हणजे नेमके काय, हे आपल्या गावकरी बंधूंस ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. आपल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांस १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत, आणि खाजगी शाळांतील शिक्षकांकरिता १९७७ चा कायदा व त्याखालील १९८१ चे नियम आहेत. शिक्षकास काढण्याचा अधिकार गावास नाही. शाळा व्यवस्थापन समितीसही नाही, जरी तिच्यात बहुतेक सभासद पालकच असतात. समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी, पुरावा दाखवावा. निर्णय वरच्या अधिकाऱ्यांनी करावयाचा.

तक्रार आली की प्रथम प्राथमिक चौकशी होते, म्हणजे ह्या बोलण्यात काही तथ्य आहे काय एवढेच पाहतात. तथ्य दिसल्यास कर्मचाऱ्यास दोषारोपपत्र देतात. त्यात आरोप स्पष्ट लिहिलेला असावा लागतो: कोणत्या दिवशी, काय केले, कोणत्या कागदावरून व कोणाच्या साक्षीवरून. "ह्याचे वागणे बरे नाही" असा आरोप चालत नाही, आणि तो चालू नये. कारण अशा आरोपास कोणता मनुष्य उत्तर देऊ शकेल? मग तो आपले लेखी निवेदन देतो. चौकशी अधिकारी साक्षीपुरावा घेतो, कर्मचाऱ्यास साक्षीदारांची उलटतपासणी करू देतो, त्याचे स्वतःचे साक्षीदार ऐकतो आणि अहवाल लिहितो. त्या अहवालाची प्रत शिक्षा ठरविण्यापूर्वी कर्मचाऱ्यास दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ठरविले आहे. शिक्षाही अपराधाच्या मानाने असते. ठपका, वेतनवाढ रोखणे, येथपासून सक्तीची निवृत्ती आणि बडतर्फी येथपर्यंत.

निलंबन ही शिक्षा नव्हे, ही गोष्ट गावात कोणासच पटत नाही. निलंबित मनुष्यास निर्वाह भत्ता मिळतो, आरंभी साधारण अर्ध्या पगाराइतका. कारण तो अजून नोकरच असतो. त्यास कामावरून दूर ठेवतात ते इतक्यासाठी की कागदपत्रांत त्याने फेरफार करू नये आणि साक्षीदारांवर त्याचे वजन पडू नये. पण महिन्यांमागून महिने दोषारोपपत्रच न देता त्यास लोंबकळत ठेवले तर शिक्षा नसलेली गोष्ट शिक्षेहून जड होते. म्हणूनच २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये.

आणखी एक गोष्ट. फौजदारी न्यायालयात अपराध निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. खातेनिहाय चौकशीत कोणती बाजू अधिक संभवनीय दिसते एवढे पुरते. त्यामुळे कोर्टातून सुटलेला मनुष्य कधी नोकरी गमावतो. "पैसे चारून घडवून आणले" असे म्हणण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत ओहायो संस्थानातील क्लीव्हलंड शहराच्या सार्वजनिक शाळांनी १९७९ साली लॉडरमिल नावाच्या एका मनुष्यास पहारेकरी म्हणून ठेवले. आपणास गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नाही असे त्याने अर्जात लिहिले होते. पुढे १९६८ सालची चोरीची शिक्षा उघडकीस आली, आणि १९८० साली, त्याचे काहीही न ऐकता, त्यास खोटे लिहिल्याबद्दल काढून टाकले. तो म्हणाला, तो गुन्हा किरकोळ वर्गातला आहे अशी माझी समजूत होती. खरे असेल, खोटे असेल. पण विचारल्यावाचून ते कळणार कसे? १९८५ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की अशा कायम नोकरास काढण्यापूर्वी आरोप कळविला पाहिजे, पुरावा काय तो सांगितला पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले की ज्यास कामावर ठेवणे धोक्याचे वाटते, त्यास पगार चालू ठेवून कामावरून बाजूस करता येते. ह्या दुसऱ्या वाक्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो, कारण पुढचा सारा कठीण विचार त्याच्याच आधाराने करावयाचा आहे.

येथवर वाचून एखादी आई म्हणेल, "पाळकसाहेब, तांदळाचे ठीक आहे, पण माझ्या मुलीने घरी येऊन रडत काही सांगितले तर मी काय गुरुजींच्या घरी त्यांचे म्हणणे ऐकावयास जाऊ?" नाही, बाई, जाऊ नये. येथे आम्ही वर सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी लागू केली तर मोठा अन्याय होईल. तांदूळ कोठीत थांबू शकतो, लेकरू थांबू शकत नाही. तांदळाच्या साक्षीस तराजू असतो. लेकराच्या साक्षीस पुष्कळदा दुसरे कोणीच नसते, आणि ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे तो मोठा, शिकलेला आणि मानाचा मनुष्य असतो.

म्हणून २०१२ सालच्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याने, ज्यास लोक पॉक्सो म्हणतात, रीत वेगळी घालून दिली आहे. असा अपराध घडल्याचे ज्यास कळले किंवा तो घडेल अशी ज्यास भीती वाटते, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणे हाच अपराध आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या मनुष्याविषयी न कळविल्यास त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळविणाऱ्यावर मात्र खटला करता येत नाही. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, पोलिसी पोशाख घालून घेऊ नये, आणि आरोपीची दृष्टादृष्ट होऊ देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. मुख्याध्यापकाने, पंचांनी किंवा पाळकाने आधी आपली खाजगी चौकशी करून खात्री करून घ्यावी, असे त्यात कोठेही नाही. खात्री करणे हे आपले काम नव्हे. कळविणे हे आपले काम आहे.

मग आरोपीचे म्हणणे ऐकावयाचे नाही काय? ऐकावयाचे, पण लेकराच्या मानेवर पाय देऊन नव्हे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका नवोदय विद्यालयातील शिक्षकाचे प्रकरण होते. विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याबद्दल त्यास काढले होते, आणि मुलीस उलटतपासणीच्या लाजेतून जावे लागू नये म्हणून, तिचे व इतरांचे जबाब घेतल्यावर, नेहमीची पुरी चौकशी टाळली होती. न्यायालयाने ते योग्य ठरविले. हा निकाल वाचून आमच्या मनास पूर्ण शांतता मिळाली, असे आम्ही म्हणणार नाही. उलटतपासणीवाचून निर्दोष मनुष्य भरडला जाण्याचा संभव असतो, हे तांदळाच्या प्रकरणाने आम्हांस शिकविले आहे. तथापि दोहोंचा भार सारखा वाटून घेता येत नाही. आणि जेथे एका बाजूस लेकरू आहे, तेथे मोठ्या मनुष्याने अधिक भार सोसावा, हे आम्हांस मान्य करावे लागते. आरोप होताच त्यास मुलांपासून दूर करावे. त्याच्या घरावर दगड मात्र टाकू नयेत.

दोन्ही बाजूंनी चौकशी चुकली म्हणजे काय होते, ते आपल्या राज्याने २०२४ साली पाहिले. बदलापूर येथील एका शाळेत दोन लहान मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार झाली. ती नोंदविण्यास विलंब झाला असा आक्षेप निघाला, शाळेच्या चालकांवरही न कळविल्याबद्दल गुन्हा दाखल झाला, आणि २० ऑगस्ट रोजी संतापलेल्या लोकांनी रेल्वे अडवून धरली. महिना उलटतो न उलटतो तोच, २३ सप्टेंबर रोजी, आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्या गोळीने मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. आम्ही विचारतो, त्या दोन मुलींस काय मिळाले? ज्या मनुष्याने हे केले असे म्हणतात, त्याच्याविरुद्ध पुरावा तोलून न्यायालयाने निकाल दिला असता, तो निकाल त्यांचा हक्क होता. आधी त्यांचे कोणी वेळेवर ऐकले नाही आणि मग निकालही कोणी ऐकू दिला नाही.

पण गावोगाव जे पाप घडते ते इतके गाजत नाही, म्हणूनच ते अधिक घडते. त्याचे नाव बदली. गुरुजीविषयी कुजबुज सुरू होते. सरपंच, मुख्याध्यापक आणि दोन वजनदार पालक एकत्र बसतात. "शाळेचे नाव जाईल, पोरीचे लग्न व्हावयाचे आहे, गुरुजीसही लेकरे आहेत," असे म्हणून सर्वांच्या संमतीने विनंती अर्ज होतो आणि गुरुजी दुसऱ्या तालुक्यास जातात. कागदावर काही नाही. मंडळी ह्यास समेट म्हणतात. आम्हांस तो समेट वाटत नाही. गुरुजी निर्दोष असतील तर कुजबुज त्यांच्या ट्रंकेबरोबर त्या तालुक्यास जाते आणि ती पुसण्याची संधी त्यांस कधीच मिळत नाही. दोषी असतील तर तेथील लेकरांस कोणी सावध केलेले नसते. अमेरिकेतही हा रोग इतका पसरला होता की २०१५ सालच्या तेथील शिक्षणाच्या कायद्यात तो स्पष्ट लिहून मना करावा लागला: ज्याने मुलाशी असे दुष्कृत्य केल्याचे ठाऊक आहे, त्यास दुसऱ्या शाळेत नोकरी मिळवून देण्यास साहाय्य करू नये.

ह्या समेटाच्या बैठकीस कित्येकदा मंडळीच्या पंचांस आणि उपदेशकांसही बोलावितात, कारण आपण शांतिप्रिय म्हणून आपली ख्याती आहे. अशा बैठकीतून उठून जाणे कठीण असते. पुढे पाण्यावरून, वाटेवरून अडवणूक होते, हे आम्ही जाणतो. एका गावी एका विधवेने ते केले. बैठकीत ती म्हणाली, "माझी मुलगी खोटे बोलते असे वाटत असेल तर तसे लिहून द्या, खरे बोलते असे वाटत असेल तर तसे लिहा. न लिहिता घरी जाऊ नका." कोणी लिहिले नाही. ती एकटी एस.टी.ने तालुक्यास गेली आणि तिने तक्रार नोंदविली.

असो. आमच्या उपदेशक बंधूंचा प्रश्न राहिला. आम्ही त्यांस सांगितले, नमस्कार करावा. निलंबित मनुष्य मेलेला नसतो, आणि नमस्काराने कोणी निर्दोष ठरत नाही. पण रस्त्यात उभे राहून वर्गणीची गोष्ट काढू नये आणि त्यांनी काढल्यास ऐकू नये, "ते चौकशीत बोलू, गुरुजी" असे म्हणावे. हे आम्ही विशेष सांगितले, कारण बोलता बोलता निराळीच गोष्ट बाहेर आली. वर्गणी पालकांस परत केल्याची एक यादी गुरुजींनी दाखल केली आहे आणि तिच्यावर आमच्या बंधूंची स्वतःची सही आहे. त्यांस साक्षीस बोलाविले आहे. सही आपलीच, असे ते म्हणतात; पैसे हाती आले होते की कोऱ्या यादीवरच सही केली होती, हे त्यांस आठवत नाही. गाव म्हणते, "मिळाले नाहीत असे सांग." गुरुजींची पत्नी एकदा येऊन म्हणून गेली, "मिळाले असे सांगा, दादा."

त्यांच्या घरी खर्चाची टिपणे त्यांची पत्नी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिते. दूध, किराणा, मुलांची फी, सारे तेथेच. त्या वर्षाची दिनदर्शिका माळ्यावरच्या पेटीत असावी असे तिला वाटते. साक्षीस अजून नऊ दिवस आहेत. पेटी उतरवून पाहतो, असे सांगून ते गेले आहेत.